वाचकांचे प्रश्न : चाळीस पौंडांना गहाण पडलेला कप

मागच्या अंकात हौशी फुटबॉलवर लिहिताना इंग्लंडमधल्या वेस्ट ऑकलंड नावाच्या खाणकामगारांच्या गावाबद्दल जेमतेम चार ओळी टाकल्या होत्या, की यांच्या क्लबनं इटलीत जाऊन कप जिंकला, दोनदा जिंकला आणि मग गहाण टाकला. झालं, मेलबॉक्स भरला. म्हणून ह्या वेळी सगळा कॉलम त्यालाच. ऑफसाइडचा नियम विचारणाऱ्या तिघांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरा, तो नियम कुठे पळून जात नाहीये.

प्रश्न : सर, खेडेगावातल्या टीमनं वर्ल्ड कप जिंकला असं तुम्ही लिहिलंत. फीफाच्या यादीत तर पहिला वर्ल्ड कप १९३० चा, उरुग्वेचा. मग हा कुठला?

फीफाचा नाहीच तो. फीफाचा १९३० लाच सुरू झाला, तुमचं बरोबर. हा होता सर थॉमस लिप्टन ट्रॉफी, १९०९ मध्ये इटलीत तुरीनला भरलेला. चार देशांच्या चार टीम : यजमानांची तुरीनची, जर्मनीची स्टुटगार्टर स्पोर्टफ्रॉइंडं, स्वित्झर्लंडची विंटरथूर आणि इंग्लंडकडून कोण तर वेस्ट ऑकलंड. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ह्या भानगडीत पडायला नकार दिला होता असं सांगतात, म्हणून मोठा क्लब कोणी गेला नाही आणि डरहम परगण्यातल्या कोळशाच्या पट्ट्यातली ही पोरं गेली. सेमीफायनलला स्टुटगार्टला २-० आणि फायनलला विंटरथूरला २-०. १९११ ला गतविजेते म्हणून परत गेले, झुरिकला परत तेच २-०, आणि फायनलला समोर युव्हेंटस. हो तेच युव्हेंटस. ६-१ नी हरवलं. म्हणजे दोन वाऱ्या, चार मॅच, बारा गोल मारले आणि खाल्ला एक.

दोनदा लागोपाठ जिंकल्यामुळे कप कायमचा त्यांचा झाला. पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ तिथेच आहे, कारण परत द्यायचा कप कोणी गहाण ठेवून घेत नाही.

आता 'पहिला वर्ल्ड कप' ही पाटी कितपत खरी, तर मला विचाराल तर ती पाटीच आहे. आदल्याच वर्षी, १९०८ ला, तुरीनलाच एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती आणि ती जिनिव्हाच्या सर्व्हेटनं जिंकली होती, त्यांना कोणी पहिले जगज्जेते म्हणत नाही. त्याच्याही आधी १८८८ मध्ये स्कॉटलंडच्या रेंटन नावाच्या खेड्यातल्या क्लबनं, जो तेव्हा स्कॉटिश कप घेऊन बसला होता, इंग्लंडचा एफए कप जिंकलेल्या वेस्ट ब्रॉमविचला ४-१ नी हरवलं आणि स्वतःच स्वतःला जगज्जेते जाहीर केलं! जग म्हणजे तेव्हा दोनच देश. तर पाटीवरून भांडण्यात अर्थ नाही, पण ६-१ हा आकडा खरा आहे, तो कोणाच्या बापाला पुसता येणार नाही.

प्रश्न : माझ्या नातवानं मोबाईलवर दाखवलं की आमंत्रण खरं तर आर्सेनलला होतं, 'डब्ल्यू. ए.' ह्या अक्षरांवरून घोळ झाला आणि वूलिच आर्सेनलऐवजी वेस्ट ऑकलंडला पत्र गेलं. मजेशीर आहे, पण खरं का?

मजेशीर आहे म्हणूनच टिकलंय आजी. मला पटत नाही. एक तर पत्रावर नुसती अक्षरं टाकून ते पोचत नाही, पत्ता लागतो, आणि लंडनचा पत्ता घातलेलं पाकीट डरहमच्या खेड्यात कसं पोचेल? दुसरं म्हणजे वूलिच आर्सेनल तेव्हा पहिल्या डिव्हिजनमधला पगारी क्लब, आणि तुरीनच्या दोन्ही फायनल ईस्टर मंडेला झाल्यात, १२ एप्रिल १९०९ आणि १७ एप्रिल १९११. ईस्टर म्हणजे इंग्लंडच्या लीगमध्ये मॅचवर मॅच लावायचे दिवस. सुट्टी असते, लोक येतात, तिकीट विकलं जातं. तो गल्ला सोडून कुठला पगारी क्लब इटलीला गेला असता? असलं आमंत्रण जिला तिकिटाच्या गल्ल्याची फार आशा नाही अशीच टीम घेणार.

नातवाला सांगा, गोष्ट छान आहे, पण गावाला ती जरा अपमानाचीच आहे. जिंकले तरी चुकून आले होते असं म्हणायचं, हे काय झालं.

प्रश्न : लिप्टन म्हणजे चहावालाच ना?

तोच. ग्लासगोचा, किराणा दुकानांतून वर आलेला. ह्या माणसाला कप द्यायची आणि कपाच्या मागे लागायची, दोन्ही हौस होती. अमेरिकाज कप नावाच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीसाठी १८९९ ते १९३० पाच वेळा 'शॅमरॉक' नावाच्या बोटी उतरवल्या आणि पाचही वेळा हरला. दुसऱ्यांना कप वाटणं त्याला जास्त जमलं.

प्रश्न : मला एक कळत नाहीये. हौशी म्हणजे फुकट खेळणारे. खेळाडूंना पगारच नाही तर क्लब कर्जात बुडालाच कसा? पैसे गेले कुठे? (मी स्वतः पतसंस्थेत आहे, म्हणून विचारतोय.)

साहेब, हाच प्रश्न यायला हवा होता. बाकी सगळे गोल मोजतात, तुम्ही बरोबर वहीवर बोट ठेवलंत.

हौशी म्हणजे फुकट, हे बघणाऱ्याच्या बाजूनं. खेळणाऱ्याच्या बाजूनं हौशी म्हणजे खिशातून. तुरीनला जायचं तर आधी आगगाडी, मग बोट, मग परत आगगाडी, दोन मॅच खेळायच्या आणि तेवढंच अंतर परत. ईस्टरच्या सुट्टीचे दिवस धरले तरी बाकीच्या दिवसांच्या पाळ्या बुडणारच, आणि पाळी बुडली की त्या दिवसाचा पगार गेला, विषय संपला. भरपगारी रजा ही चीजच नव्हती, तिचा कायदा ब्रिटनमध्ये यायला १९३८ उजाडलं. प्रवासासाठी पोरांनी घरातल्या वस्तू विकल्या असं गावात सांगतात.

मग क्लबनं बुडालेली मजुरी भरून द्यावी की! तर तिथे नियम आडवा. इंग्लंडमध्ये १८८५ ला खेळाडूंना पैसे द्यायला अधिकृत परवानगी मिळाली, पण त्याबरोबर एक रेघ ओढली गेली : रेघेच्या अलीकडे हौशी, पलीकडे व्यावसायिक. हौशी खेळाडूला प्रवासाचा आणि राहण्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च द्यायचा, बस. बुडालेल्या मजुरीची भरपाई दिली की तो व्यावसायिक झाला. आता हा नियम कोणाच्या सोयीचा होता ते बघा, ज्याच्या घरी बसून खायची सोय आहे त्याला आठवडाभर खेळल्यानं काही फरक पडत नाही, आणि खाणीत उतरणाऱ्याला एका दिवसाचाही पडतो. ह्याच भरपाईच्या प्रश्नावरून १८९५ ला रग्बीचे दोन तुकडे झाले, उत्तरेचे क्लब वेगळे निघाले. आणि ह्याच वादातून १९२८ ला ब्रिटनच्या असोसिएशन फीफातून बाहेर पडल्या, त्यामुळे १९३० च्या खऱ्या वर्ल्ड कपला इंग्लंड नव्हतं! तुमच्या पतसंस्थेत हजेरीवरून भांडणं होत असतील, ह्यांनी त्यावरून जागतिक संस्था सोडली.

तर १९११ ला पोरं ६-१ नी जिंकून कप कायमचा घेऊन घरी आली आणि क्लबच्या डोक्यावर देणी. क्लबची बैठक भरायची ती गावातल्या एका हॉटेलात, त्या हॉटेलच्या मालकीणबाईंकडून ४० पौंड घेतले आणि तारण म्हणून कप ठेवला. ४० पौंड म्हणजे किती, तर १९०१ साली इंग्लंडमध्ये पगारी खेळाडूच्या कमाईला आठवड्याला ४ पौंडांची मर्यादा घातली होती, त्या हिशेबानं एका खेळाडूचे दहा आठवडे. अकरा जणांनी युव्हेंटसला लोळवलं आणि त्याची किंमत एका माणसाचा अडीच महिन्यांचा पगार. कर्ज काही फिटलं नाही, कप बाईंकडेच राहिला. १९६० ला गावानं १०० पौंड देऊन तो सोडवला. जवळजवळ पन्नास वर्षं! ४० चे १०० झाले म्हणजे व्याजाचा दर काय पडला ते तुम्हीच काढा, मला तर बाईंनी फार ताणलं असं वाटत नाही.

आणि हा प्रश्न एका क्लबचा नव्हता. मघाशी ज्या रेंटनबद्दल सांगितलं त्यांचं बघा. जगज्जेते झाल्यावर दोनच वर्षांत, १८९० ला, स्कॉटिश लीग सुरू झाली आणि पाच मॅच झाल्यावर रेंटनला हाकललं, कारण काय तर व्यावसायिकपणाचा ठपका असलेल्या क्लबशी ते मॅच खेळले, आणि तो क्लब नाव बदलून खेळला होता. तीनच वर्षांनी, १८९३ ला, स्कॉटलंडमध्ये पैसे देणं कायदेशीर झालं. तीन वर्षांचा फरक! पण छोट्या क्लबला तीन वर्षं फार असतात. लीगमध्ये परत आले, १८९७ ला सोडून गेले, १९२२ ला क्लबच बंद.

मग बाकीचे हौशी क्लब टिकले कसे? इंग्लंडमध्ये त्यावर एक शब्दच होता, 'बूट मनी'. मॅच संपली, खेळाडू आंघोळ करून आला, पायात बूट सरकवला तर आत बोटांना काहीतरी टोचतंय, बघतो तर नाणी. कोणी ठेवली माहीत नाही, कोणी विचारायचं नाही, वहीत लिहायचं नाही. डरहममधल्याच हौशी क्लबांवर १९२० च्या दशकाच्या शेवटी ह्याच्यावरून चौकशा बसल्या, बंदी आली. आणि हे सगळं चालू असताना हौशी फुटबॉलचा गल्ला किती होता? वेस्ट ऑकलंडच्या शेजारचे दोन क्लब, बिशप ऑकलंड आणि क्रूक टाउन, दोन्ही छोटी गावं आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, १९५४ ला हौशींच्या एफए अमॅच्युअर कपच्या फायनलला समोरासमोर आले तेव्हा वेम्ब्लीला एक लाख माणूस होतं. २-२ झाली, परत खेळवली, परत २-२, तिसऱ्या वेळी मिडल्सबरोच्या मैदानावर क्रूकनं १-० नी मारली. एक लाख तिकिटं आणि मैदानातल्या बाविसांना नियमाप्रमाणे काय, तर गाडीभाडं.

शेवटी १९७४ ला असोसिएशननं ती रेघच पुसून टाकली, हौशी नाही आणि व्यावसायिक नाही, सगळे नुसते 'खेळाडू'. त्याच वर्षी अमॅच्युअर कपही बंद झाला. मला तो कप गेल्याचं वाईट वाटतं, रेघ गेल्याचं अजिबात नाही.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे, आमच्या छोट्या क्लबकडून लेफ्ट विंगला खेळतो. अशा क्लबमधून कोणी मोठं झालंय का?

झालंय की. जॅक ग्रीनवेल म्हणून एक होता, क्रूकचा, खाणीत काम केलेला. १९०९ ला वेस्ट ऑकलंडनं तुरीनला नेताना ह्याला शेजारच्या क्रूक टाउनकडून उसना घेतला होता. १९१२ ला हा पठ्ठ्या बार्सिलोनाला गेला, आधी खेळाडू, मग कोच. पुढे पेरूला गेला आणि १९३९ ची दक्षिण अमेरिकेची चॅम्पियनशिप पेरूला जिंकून दिली.

दुसरा तुझ्याच जातकुळीतला, विंगर, फक्त उजवीकडचा. वॉरन ब्रॅडली. पेशानं शिक्षक आणि बिशप ऑकलंडचा हौशी खेळाडू. १९५८ ला म्युनिकला मँचेस्टर युनायटेडचं विमान कोसळलं, आठ खेळाडू गेले, टीम उभी करायला माणसं नव्हती, तेव्हा बिशप ऑकलंडनं आपले तीन खेळाडू दिले, त्यातला हा एक, बाकी दोघं बॉब हार्डिस्टी आणि डेरेक लुइन. पुढच्या वर्षी ब्रॅडली इंग्लंडकडून तीन मॅच खेळला आणि दोन गोल मारले. नंतर परत शाळेत गेला, हेडमास्तर झाला. तर अकरावीचा अभ्यास सोडू नकोस, एवढंच.

प्रश्न : आमच्या क्लबला ह्या वर्षी पन्नास वर्षं होतायत आणि स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी कधी काही लिहिलेलं नाही. हाताशी एक पत्र्याची ट्रंक, थोडे फोटो आणि चार म्हातारे, चौघं चार गोष्टी सांगतात. सुरुवात कुठून करू?

जमाखर्चाच्या वहीपासून. मी गंमत नाही करत. कप आणि फोटो सगळे बघतात, वही कोणी उघडत नाही, आणि खरा इतिहास वहीत असतो. मी स्वतः एका छोट्या क्लबचा खजिनदार होतो दोन सीझन, म्हणून सांगतो. नवीन बॉल कधी घेतला, जुन्या बॉलचं ब्लॅडर किती वेळा बदललं, वर्गणी कोणाची थकलीय आणि त्यातला सेंटर फॉरवर्ड असेल तर त्याला कोणी कधी टोकलं नाही, हे सगळं त्यात दिसतं. आमच्या वहीत एका पानावर 'किरकोळ' म्हणून एक मोठी रक्कम होती, आधीच्या खजिनदाराच्या अक्षरात. मी विचारत राहिलो तेव्हा कळलं की गोलकीपरचा हात मोडला होता आणि त्याच्या घरी कळू न देता दवाखान्याचं बिल भरलं होतं. ते 'किरकोळ' सापडलं नसतं तर त्या सीझनबद्दल आमच्याकडे लिहायला काय होतं, तर पाचवा नंबर.

'किरकोळ', 'इतर', 'उसनवार' हे तीन शब्द दिसले की थांबा आणि म्हाताऱ्यांना विचारा. ते चार गोष्टी सांगतायत म्हणून वैतागू नका. चौघांना वेगवेगळं बसवून विचारा, एकत्र बसवलंत की ज्याचा आवाज मोठा त्याची गोष्ट खरी ठरते. 'काय झालं' ह्याच्याऐवजी 'मॅचला जायचं गाडीभाडं कोणी दिलं' असं विचारून बघा, माणूस स्कोअर विसरतो पण कोणाचे पैसे बुडवले आणि आपले कोणी बुडवले हे विसरत नाही.

फोटोंचं म्हणाल तर मध्ये बसलेल्या कॅप्टनच्या पायाशी बॉल असेल तो भिंग घेऊन बघा. जुन्या टीम फोटोंत बॉलवर खडूनं सीझनचं साल लिहायची पद्धत असायची. मागच्या बाजूला पेन्सिलनं नावं असतील तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा, मग फ्रेमवाल्याकडे द्या, मागचा पुठ्ठा बदलताना नावं कचऱ्यात जातात. आणि फोटोत कडेला कोट घालून उभा असलेला, नाव कोणालाच न आठवणारा जो माणूस असतो त्याला शोधा. बहुतेक तोच कपडे धुवायला न्यायचा नाहीतर तोच पैसे भरायचा.

एक विनंती, 'रोवलेल्या रोपट्याचा वटवृक्ष' हे वाक्य लिहू नका.

प्रश्न : १९६० ला सोडवून आणलेला तो कप आज आहे का? बघायला मिळतो का?

तिथे जो ठेवलाय तो मूळ नाही. सोडवून आणल्यावर कप गावातल्या वर्किंग मेन्स क्लबात, म्हणजे कामगारांच्या क्लबात ठेवला होता, तिथून जानेवारी १९९४ मध्ये चोरीला गेला, तो गेलाच. मग हुबेहूब तसा दुसरा बनवून घेतला. मला ह्याचं राहून राहून नवल वाटतं, की गहाण होता तेव्हा पन्नास वर्षं सुखरूप राहिला आणि स्वतःच्या घरी आल्यावर चौतीस वर्षांत गेला.

क्लब मात्र आहे. खेळतोय, नॉर्दर्न लीगमध्ये, जी १८८९ ला सुरू झालेली जगातल्या सगळ्यात जुन्या लीगपैकी एक. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी ती लीग जिंकली, म्हणजे कप घरी आला त्याच सुमाराला, योगायोग म्हणा. वेम्ब्लीलाही तीनदा जाऊन आले : १९६१ ला अमॅच्युअर कपच्या फायनलला वॉल्थमस्टो अव्हेन्यूकडून २-१, २०१२ ला छोट्या क्लबांसाठीच्या एफए व्हाजच्या फायनलला डन्स्टनकडून २-०, आणि २०१४ ला त्याच फायनलला शोलिंगकडून १-०. तिन्ही वेळा हरले. तुरीनला चारपैकी चार आणि स्वतःच्या देशाच्या वेम्ब्लीला तीनपैकी शून्य.